शांघायचा वंश, मराठवाड्याचे खुराडे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री, सिल्लोड, कन्नड या तालुक्यांत पत्र्याच्या शेडमध्ये वाढणारे पांढरे मांसल पक्षी आणि शेतवस्तीच्या अंगणात मोकळ्या चरणाऱ्या तांबड्या कोंबड्या यांच्या वंशाचा माग काढत गेल्यास त्याची एक वाट चीनमधील शांघाय बंदराशी जाऊन मिळते आणि दुसरी वाट हिंदुस्थानातल्याच असील नावाच्या झुंजार कोंबड्याकडे वळते. शांघायहून निघालेल्या पक्ष्याला जगाने कोचीन हे नाव दिले. ही कोंबडी शुद्ध स्वरूपात मराठवाड्यात फारशी कधी नांदली नाही. मात्र तिचे रक्त इतर जातींत मिसळून, इंग्लंड आणि अमेरिकेचा फेरा करून, सरकारी अंडी उबवणी केंद्रांच्या आणि खासगी कंपन्यांच्या मार्गाने या कोरडवाहू मुलखात येऊन पोहोचले. मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात कापूस, ज्वारी आणि दुष्काळ यांना जेवढी जागा मिळाली तेवढी कोंबडीला मिळाली नाही, याचे कारण तिचा हिशेब बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहिला आणि तो कागदावर फारसा उतरला नाही.

दख्खनला कोंबडी परकी नव्हती. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे उत्तर व ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारा तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीच्या रानात आढळणारा करडा रानकोंबडा ही त्याहून वेगळी जात असली, तरी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असे दाखवून दिले की, पाळीव कोंबड्यांच्या अनेक जातींत दिसणारी पिवळी कातडी आणि पिवळे पाय हा वारसा या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. पुढे ज्या कोचीन कोंबडीचे वर्णन येईल तिची कातडीही पिवळीच आहे. शांघायचा पक्षी दख्खनमध्ये आला तेव्हा द्वीपकल्पाच्या रानातला हा अंश त्याच्या अंगात आधीपासूनच होता.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीलाही स्थान दिले आहे, यावरून झुंजीसाठी निवडक पैदास करण्याची परंपरा दख्खनच्या दरबारांत किती जुनी आहे हे कळते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी पुढे औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले, आसफजाही घराण्याची राजधानी म्हणून काही काळ मिरवले आणि १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेल्यावर मागे पडले. हैदराबाद संस्थानात असील पाळण्याची हौस जहागीरदारांपासून शिपायांपर्यंत पसरलेली होती. असील म्हणजे उंच, घट्ट बांध्याचा, आखूड व अंगाला चिकटून असलेल्या पिसांचा, जाड मानेचा पक्षी. त्याची मादी अंडी थोडी देते, पण पिल्लांचे रक्षण जिवावर उदार होऊन करते. त्याची पैदास वंशावळ तोंडपाठ ठेवणाऱ्या शौकिनांच्या हाती होती. खेड्यातली गावरान कोंबडी मात्र कोणाच्याही निवडीविना, ऊन, घार, मुंगूस आणि रोग यांच्या तडाख्यातून जी वाचली तीच पुढची पिढी, अशा रीतीने घडत आली. वर्षाकाठी ४० ते ६० अंडी, लहान बांधा, चपळ उड्डाण आणि खुडूक होण्याची, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसण्याची तीव्र ओढ, ही तिची लक्षणे होत.

या दोन्ही प्रकारांहून अगदी निराळा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात उतरला. पहिल्या अफूयुद्धानंतर १८४२ मध्ये झालेल्या नानकिंगच्या तहाने शांघायसह चीनची पाच बंदरे ब्रिटिश व्यापाराला खुली झाली, आणि चहा व रेशीम भरून परतणाऱ्या जहाजांवरून तिकडच्या प्रचंड आकाराच्या कोंबड्या इंग्लंडला येऊ लागल्या. राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर येथील पक्षिगृहात त्याच दशकाच्या आरंभी आलेल्या पूर्वेकडील कोंबड्यांना ‘कोचीन-चायना’ म्हटले गेले. हे नाव आजच्या दक्षिण व्हिएतनामचे असून केरळातील कोची बंदराशी त्याचा संबंध नाही, आणि पुढे याच नावाने गाजलेले, पायांवर पिसे असलेले पक्षी तर थेट शांघायच्या परिसरातून आले होते. पहिल्या वर्णनांतील नाव चिकटले ते चिकटलेच. १८४७ च्या सुमारास एसेक्समधील ग्रेज येथील स्टर्जन नावाच्या पालकाकडे लंडनच्या गोदीतून आलेल्या बदामी रंगाच्या कोंबड्यांपासून इंग्लंडमधील नामांकित कोचीन वंश तयार झाला.

या पक्ष्याचे रूपच असे होते की, ज्यांनी तोवर आखूड पिसांच्या, काटक, लहान कोंबड्या पाहिल्या होत्या त्यांना तो कोंबडीच्या जातीतला वाटेना. पूर्ण वाढलेला नर सुमारे ५ किलो आणि मादी चार किलोच्या आसपास भरते. पिसे लांब, मऊ आणि सैल असल्यामुळे वजनाच्या मानानेही पक्षी फार मोठा भासतो. शेपटीच्या मुळाशी पिसांची गादी असते. नडग्यांवर आणि पायाच्या बाहेरच्या व मधल्या बोटांवरही पिसे उगवतात. तुरा मात्र साधा, एकेरी आणि दातेरी असतो. रंगांमध्ये बदामी, पांढरा, काळा आणि तित्तिरी, म्हणजे तित्तिराच्या पिसांसारखी बारीक नक्षी असलेला, हे प्रकार विशेष मानले गेले. स्वभावाने ती इतकी शांत की दोन फुटांचे कुंपणही तिला पुरते. अंडी तपकिरी कवचाची, आणि सुरुवातीच्या आयात पक्ष्यांबाबत सर्वांत जास्त वाखाणली गेलेली गोष्ट म्हणजे युरोपातील इतर कोंबड्या थंडीत अंडी बंद करत असताना ही देत राही. खुडूक होण्याची तिची प्रवृत्ती जबरदस्त असून स्वतःची नसलेली अंडीही ती निष्ठेने उबवते.

त्यानंतर जे घडले त्याला अमेरिकेतील जॉर्ज बर्नहॅम याने १८५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात कोंबड्यांचा ताप असे नाव दिले. १८४९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या सार्वजनिक उद्यानात भरलेले कोंबड्यांचे प्रदर्शन आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे भरू लागलेली प्रदर्शने यांनी या वेडाला हवा दिली. शेतमजुराच्या वर्षभराच्या कमाईइतकी किंमत एकेका निवडक जोडीला मोजली जाऊ लागली, व्यंगचित्रकारांना नवा विषय मिळाला, आणि ज्यांनी कधी खुराडे झाडले नव्हते असे सरदार व व्यापारी लिलावांत बोली लावू लागले. बर्नहॅम स्वतः या व्यापारात खोलवर गुंतलेला होता. शांघाय पक्ष्यांपासून आणि काहींच्या मते चितगावकडील मोठ्या कोंबड्यांपासून निघालेल्या, पुढे ब्रह्मा म्हणून ओळखल्या गेलेल्या जातीचे पक्षी त्याने राणी व्हिक्टोरियाला नजर केले होते. १८५५ च्या आसपास भाव कोसळले आणि उशिरा शिरलेल्यांचे पैसे बुडाले. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यात २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या, कडकनाथ जातीच्या कोंबड्यांच्या पालनाच्या घोटाळ्यात शेतकऱ्यांचे जे नुकसान झाले, त्याची यंत्रणा वेगळी असली तरी मुळाशी असलेली चूक तीच होती: पक्ष्याची किंमत त्याच्या अंड्या-मांसावरून न ठरता पुढच्या खरेदीदाराच्या आशेवरून ठरत होती.

याच तापाचे एक मोलाचे फळ मात्र विज्ञानाच्या पदरात पडले. कोंबड्यांच्या जातींची मानके ठरवणारा आणि १८६५ चे पहिले ब्रिटिश मानक संपादित करणारा विल्यम टेगेटमायर हा चार्ल्स डार्विनचा सहायक होता. त्याने डार्विनला पक्षी, कवट्या आणि निरीक्षणे पुरवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणारा एडवर्ड ब्लाइथ हिंदुस्थानातील रानकोंबड्यांविषयी डार्विनला पत्रांतून माहिती कळवत असे. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाळीव प्राणी व वनस्पतींमधील बदलांवरील डार्विनच्या ग्रंथात कोंबड्यांवर स्वतंत्र प्रकरण असून, कोचीनसारखा भारदस्त पक्षी आणि चिमुकली बँटम कोंबडी ही एकाच रानकोंबड्याची संतती कशी असू शकते याचा युक्तिवाद त्यात आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड किती दूर जाऊ शकते याचा दाखला म्हणून कोचीन त्याला फार उपयोगी पडली.

त्याच निवडीने पुढे कोचीनचे नुकसान केले. प्रदर्शनात बक्षीस पिसांना मिळे, अंड्यांना नाही. त्यामुळे पैदासकारांनी वर्षानुवर्षे अधिक फुगीर, अधिक केसाळ पायांचे पक्षी निवडले आणि ज्या गुणासाठी ती आणली गेली होती तो, हिवाळ्यात भरपूर अंडी देण्याचा गुण, मागे पडत गेला. सैल पिसांच्या गर्दीमुळे नर-मादीचा संयोगही नीट होईना, म्हणून आजही जाणते पालक पैदाशीच्या हंगामापूर्वी दोघांचीही गुदद्वाराभोवतीची पिसे कातरतात आणि एका नरामागे पाच-सहाच माद्या ठेवतात. शुद्ध कोचीन अशी शोभेच्या पिंजऱ्यात अडकली, तरी जातिवंत म्हणून नव्हे, तर संकराची सामग्री म्हणून ती मोकळी राहिली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डॉमिनिक जातीचे नर आणि काळ्या कोचीन वा जावा माद्या यांच्या संकरातून प्लिमथ रॉक ही जात निघाली आणि १८६९ मध्ये वुस्टरच्या प्रदर्शनात मांडली गेली. इंग्लंडमध्ये विल्यम कुक याने १८९४ मध्ये पुढे आणलेल्या बदामी ऑर्पिंग्टनमध्ये बदामी कोचीनचे रक्त आहे. ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी मलय नर, शांघायकडील तांबूस कोंबड्या आणि नंतर लेगहॉर्न यांच्या मिश्रणातून जी गडद तांबडी, अंड्याला व मांसाला दोन्हीकडे बरी अशी कोंबडी तयार केली, ती १९०४ मध्ये ऱ्होड आयलंड रेड या नावाने अमेरिकन मानकात दाखल झाली. प्रदर्शनांच्या झगमगाटापेक्षा या शेतकऱ्यांच्या साध्या, गरजेपोटी केलेल्या संकराने जगाच्या ताटात अधिक भर घातली, असेच म्हणावे लागते.

हिंदुस्थानात या सुधारित जाती आणण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या आर्थर स्लेटर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालवलेले कुक्कुटपालनाचे काम त्यांतले विशेष प्रसिद्ध. पद्धत साधी होती: गावातले देशी नर काढून त्यांच्या जागी सुधारित जातीचे नर द्यायचे, किंवा देशी अंड्यांच्या बदल्यात सुधारित जातीची उबवणीची अंडी द्यायची आणि ती गावच्याच खुडूक कोंबडीखाली मांडायची. अडथळा आला तो रोगाचा. १९२७ मध्ये कुमाऊंमधील राणीखेत येथे कोंबड्यांना मान वाकडी करून मारणारा जो संसर्ग नोंदवला गेला, त्याला भारतभर राणीखेत आणि मराठी मुलखात मानमोडी म्हणतात. तो एकदा वस्तीत शिरला की आठवड्याभरात खुराडी रिकामी होत. मुक्तेश्वर व इज्जतनगर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेल्या लशीने ही भीती आटोक्यात आणली. या लशीवाचून भारतातील पुढचा सगळा कुक्कुट विकास अशक्य होता, तरी सुधारित जातींचे गोडवे गाताना तिचे नाव क्वचितच घेतले जाते.

औरंगाबाद जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात होता आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. बारा वर्षांत प्रशासनाची ही तीन स्थित्यंतरे झाल्यामुळे मुंबई इलाख्यातील पुण्यासारख्या जिल्ह्यांत जे पशुसंवर्धनाचे जाळे आधीच विणले जात होते, ते मराठवाड्यात उशिरा आले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने अखिल भारतीय कुक्कुट विकासाचा कार्यक्रम हाती घेऊन मुंबईत आरे येथे आणि देशातील इतर काही ठिकाणी प्रादेशिक पैदास केंद्रे उघडली. महाराष्ट्र राज्याने पुढे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालवली. औरंगाबादचे केंद्र मराठवाड्यासाठी या सगळ्या साखळीची शेवटची कडी ठरले, आणि तेथून गेलेल्या पिल्लांत ऱ्होड आयलंड रेडला मोठे स्थान मिळाले.

उबवणी केंद्राने गावाच्या जीवनात केलेला बदल समजून घ्यायचा तर खुडूक कोंबडी आणि यंत्र यांची तुलना करावी लागते. दहा-बारा अंड्यांवर बसलेली कोंबडी २१ दिवस फारसे खात-पीत नाही, आणि पुढे पिल्ले हिंडती होईपर्यंत दोन-अडीच महिने अंडी देत नाही. यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान, योग्य आर्द्रता आणि दिवसातून अनेकदा अंडी फिरवण्याची सोय असल्यामुळे हजारो पिल्ले एकाच दिवशी बाहेर पडतात. अंड्यातून निघालेले पिल्लू पोटात शोषून घेतलेल्या बलकावर दोन दिवस सहज तगते, म्हणून त्याला खोक्यात घालून एसटीने किंवा रेल्वेने दूरच्या तालुक्यापर्यंत पाठवता येते. वैजापूर, गंगापूर, पैठणकडील शेतकरी कुटुंबांना एक दिवसाची पिल्ले, किंवा आठ-दहा आठवडे वाढवलेल्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या आधीच्या वयातील माद्या, अनुदानावर देण्याच्या योजना राज्याने राबवल्या. १९७०-७३ या सलग दुष्काळी वर्षांनी मराठवाड्याला जोडधंद्याची निकड जी शिकवली, तिच्यामुळे या योजनांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बैल विकावे लागले तरी चार कोंबड्या राखता येत, आणि अंड्यांचा पैसा बाजारच्या दिवशी मीठ-मिरचीला, मुलांच्या वह्यांना थेट बाईच्या हातून खर्च होई.

ऱ्होड आयलंड रेड वर्षाला दोनशेच्या घरात अंडी देऊ शकते, परंतु तो आकडा चांगल्या खाद्यावरचा आहे. रणरणत्या उन्हात, वेचून खाणाऱ्या पक्ष्याकडून त्याच्या निम्मीही अपेक्षा धरणे धाडसाचे. जड बांध्यामुळे घारीच्या झडपेतून तिला गावरानसारखे सुटता येत नाही, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या पक्ष्यांत तीच आधी दिसते. ही दोन्ही दुबळेपणे थेट तिच्या थंड मुलखातल्या घडणीकडून आलेली आहेत. याउलट तिच्या तपकिरी अंड्याला बाजारात मान मिळाला, कारण ग्राहक कवचाच्या रंगावरून अंडे गावरान असल्याचे ठरवतो. तिच्या अंड्याचा तो रंग मलय आणि शांघायकडील पूर्वजांची देणगी आहे. नंतर आलेल्या गिरिराज आणि वनराज या संकरित जातींनी परसातल्या पालनासाठी अधिक योग्य पक्षी देण्याचा प्रयत्न केला, आणि त्या मराठवाड्यात चांगल्या रुजल्या.

शेडमधल्या पांढऱ्या पक्ष्याची कथा याहून विस्मयकारक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात जनरल गिल्बर्ट यांनी हिंदुस्थानातून नेलेल्या असील कोंबड्यांचा तिकडच्या झुंजार जातीशी संकर केला. त्यातून रुंद छातीची, भरीव मांसाची कॉर्निश जात निघाली, जिला इंग्लंडात कितीतरी काळ इंडियन गेम असेच म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाने स्पर्धा घेऊन मांसल पक्ष्याचा शोध सुरू झाला, तेव्हा १९४८ च्या अंतिम फेरीत कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर विजयी ठरला. न्यू हॅम्पशायर ही ऱ्होड आयलंड रेडपासूनच वेगळी काढलेली जात. पुढे नराकडून कॉर्निश आणि मादीकडून पांढरी प्लिमथ रॉक ही जोडी जगभरच्या ब्रॉयलरचा, म्हणजे केवळ मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या पक्ष्याचा, पाया बनली. झुंजीसाठी घडवलेली असीलची छाती आणि शांघायच्या कोचीनचा थोराड, शांत बांधा या दोन आशियाई वारशांची गाठ अशी अमेरिकेत पडली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या आणि पुण्यातून विस्तारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने अमेरिकन कॉब वंशाचे पक्षी भारतात आणून वाढवले, आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने अंडी उत्पादकांना दरासाठी एकत्र आणले. कराराने पालन करण्याची पद्धत आल्यावर पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची आणि शेड, वीज, पाणी व मेहनत शेतकऱ्याची अशी वाटणी झाली. सुमारे सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंपलीकडे जातो. या खाद्याचा निम्म्याहून अधिक भाग मका असतो. सिल्लोड-कन्नड पट्ट्यात मक्याचे क्षेत्र वाढत गेले, त्यामागच्या कारणांत कोंबडीखाद्याची मागणी हे एक ठळक कारण आहे.

या व्यवस्थेचा नाजूकपणा २००६ मध्ये दिसला. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव जाहीर झाला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. रोग ज्या जिल्ह्यांत पोहोचलाच नाही तेथेही चिकनचे भाव कोसळले. नवापूर आणि लगतचा गुजरातचा भाग हा बुसरा या नोंदणीकृत देशी जातीचा मूळ मुलूख आहे, आणि आदिवासी घरांतल्या परसातले पक्षीही या कारवाईतून सुटले नाहीत. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात हाच रोग आढळला, तेव्हा मराठवाड्याला तो प्रथमच इतक्या जवळून भेटला. शेडमधला एकसारख्या वंशाचा कळप पुन्हा उभा राहतो, कारण त्याची पिल्ले कंपनीकडून येतात. परसातला देशी वंश गेला तर तो कोणत्याही यंत्रातून परत मागवता येत नाही. भरपाई ठरवताना हा फरक लक्षात घेतला जायला हवा होता.

शुद्ध कोचीन आज महाराष्ट्रातील शहरांत हौशी पक्षिपालकांकडे, बहुतेक करून तिच्या बँटम या ठेंगण्या रूपात, दिसते. संभाजीनगरसारख्या कोरड्या, तापत्या हवेत तिला वाढवणे सोपे नाही. उन्हाळ्यात सावली, ओले पोते आणि गार पाणी लागते; पावसाळ्यात पायांवरची पिसे चिखलाने माखून त्यात खवल्या रोगाचे किडे घर करतात, म्हणून जमीन कोरडी ठेवावी लागते; जड असल्यामुळे बसण्याची दांडी जमिनीपासून वीतभरच उंच लावावी लागते. हे सारे सांभाळूनही तिच्याकडून वर्षाकाठी मिळणारी अंडी सुधारित जातींच्या मानाने कमीच असतात. तरीही तिला ठेवणारे एक व्यवहारी कारण सांगतात, आणि ते खरे आहे: लेगहॉर्नच्या वंशातल्या कोंबड्यांतून खुडूक होण्याची प्रवृत्ती निवडीने जवळजवळ नाहीशी केली गेली आहे, ब्रॉयलरला तेवढे आयुष्यच मिळत नाही, आणि वीज जाणाऱ्या वस्तीवर महागड्या जातीची अंडी उबवायची वेळ आली की कोचीन किंवा गावरान यांपैकी एखादी खुडूक कोंबडी शोधावी लागते. खेड्यात अजूनही अशी कोंबडी शेजाऱ्याकडून उसनी मागतात, आणि तिच्याखाली मांडलेल्या अंड्यांपैकी निघतील त्या पिल्लांतली काही तिच्या मालकिणीला देतात.